गोठा, गंज आणि चाळ

नाशिक जिल्ह्याच्या पर्जन्यमानाचा तक्ता ज्याने एकवार डोळ्यांखालून घातला असेल, त्याला या जिल्ह्यातील गोठे आणि कोठारे एकाच घाटाची का नाहीत, हे निराळे सांगावे लागत नाही. पश्चिमेस घाटमाथ्यावरील इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून सुमारे ४५ किलोमीटरांवर, नाशिकला, तो ७०० मिलिमीटरांच्या आसपास उतरतो. आणि पूर्वेस येवल्याकडे गेले की ५०० मिलिमीटरांची वाट पाहण्यातच चातुर्मास सरतो. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिक खंडात जिल्ह्याचे पश्चिमेचा डांग आणि पूर्वेचा देश असे जे दोन भाग सांगितले आहेत, ते साहेबाने महसुली सोयीसाठी कल्पिलेले नव्हते. रयतेच्या तोंडी ते होतेच, सरकारी दप्तराने त्यांची नोंद घेतली इतकेच. या दोन मुलखांच्या मधल्या पट्ट्यात, नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, त्रिरश्मी डोंगराच्या आसमंतात अंबड हे गाव वसलेले आहे. जालना जिल्ह्यातील त्याच नावाचे तालुक्याचे गाव निराळे. आमचे अंबड आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु कारखाने येण्यापूर्वी ते ज्या परिसरातले शेतकऱ्यांचे गाव होते, त्या परिसराला डांगाचा पाऊस ठाऊक होता पण तो रोजचा नव्हता, आणि देशावरचे ऊन ठाऊक होते पण तेही तितके निष्ठुर नव्हते. म्हणून येथे उभे राहून दोन्ही दिशांना पाहिले, तर हवामानाने माणसाच्या हातून छपरे कशी घडविली, ते जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

वाड्यांना इतिहास असतो आणि गोठ्यांना नसतो, अशी आपली एक समजूत आहे. पेशव्यांच्या अमदानीतील वाड्यांचे कागद दप्तरखान्यात सापडतात, त्यांच्या चौकटींवरील कोरीव कामाची वाखाणणी होते. गोठ्याविषयी मात्र ज्या कोणी लिहिले, त्याने बहुधा दैन्याचे आणि दुर्गंधीचे उदाहरण म्हणूनच लिहिले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या घरादाराचे जे वर्णन येते, ते वाचून मन विषण्ण होते आणि ते वर्णन खोटे होते असे म्हणण्याची कोणाची छाती नाही. तथापि त्या दैन्याच्या छपराखालीच हवामानाशी केलेल्या दीर्घ व्यवहाराची एक विद्याही नांदत होती. ती पोथीत नव्हती, शिल्पशास्त्राच्या ग्रंथांनी तिची दखल घेतली नव्हती, आणि तिने उभारलेली कोणतीही वास्तू शंभर वर्षे टिकली नाही, कारण ती टिकावी अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. माझ्या मते या विद्येचे सारे मर्म या शेवटच्या गोष्टीत आहे.

डांगातील गोठ्याचा विचार छपरापासून सुरू होतो आणि बहुतांशी तेथेच संपतो. गवताने शाकारलेले पाखे पाणी अडवून धरण्यासाठी नसतात. पाणी त्यांच्यावरून शक्य तितक्या लवकर निघून जावे, एवढेच त्यांचे काम, आणि त्यासाठी त्यांना ४५ अंशांच्या आसपास उतार लागतो, कारण त्याहून मंद उतारावर पाणी रेंगाळते आणि रेंगाळलेले पाणी एका मोसमात गवत कुजविते. म्हणून आढे उंच, आणि वळचण मात्र इतकी खाली की उंच मनुष्याने वाकल्यावाचून आत शिरू नये. हे वाकणे दारिद्र्याचे लक्षण आहे, असा घाटाखालून आलेल्या पाहुण्याचा सहज ग्रह व्हावा. वस्तुतः नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तेथे उभा पडतच नाही, तो आडवा येतो, आणि वळचण जमिनीच्या जितकी जवळ तितकी भिंत कोरडी, असा तो रोकडा हिशेब होता. भिंत तरी कसली? सात-आठ वर्षांनी एकदा फुलून वाळून जाणाऱ्या कारवीच्या काठ्यांचा कूड, आणि त्यावर शेणामातीचा लेप. पश्चिमेच्या कुडाबाहेर पेंढ्याचे अथवा पळसपानांचे तट्टे बांधीत; झडीचे सारे तडाखे त्यांनी सोसावेत, आणि आश्विनात ते काढून उकिरड्यावर टाकावेत, एवढेच त्यांचे आयुष्य. दार पूर्वेला, पाठ पश्चिमेला, आणि पश्चिमेकडील पाखा पूर्वेकडील पाख्याहून अधिक लांब व अधिक खाली ओढलेला, अशी रचना ज्याने प्रथम केली त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

मेढी जमिनीत रोवलेल्या, त्यांच्या वरच्या दुबेळक्यांत आढे टेकविलेले, आणि वासे अंबाडीच्या किंवा झाडाच्या सालीच्या दोरांनी आवळलेले, असा या गोठ्याचा सांगाडा असे. लोखंडाचा खिळा महाग होता, हे खरेच. पण दोराचा उपयोग केवळ काटकसरीसाठी होता असे मानणे चुकीचे होईल. सांध्यात खिळा असला की वावधानाच्या झटक्याने एक तर खिळा उपसतो किंवा लाकूड फाटते. बांधलेला सांधा मात्र थोडा हलतो, कुरकुरतो आणि झटका ओसरला की पुन्हा आपल्या जागी बसतो. दोर दोन-तीन वर्षांत झिजतो, तेव्हा तो बदलावयाचा. झिजण्यासाठी स्वस्त वस्तू पुढे करावी आणि महाग वस्तू तिच्या आड राखावी, हे धोरण या बांधणीत सर्वत्र आढळते: गवत झिजते म्हणून वासे राहतात, तट्टे सडतात म्हणून कूड राहतो, लेप धुऊन जातो म्हणून काठ्या राहतात.

या छपराखाली जी जनावरे बांधली जात, तीही त्या पावसातूनच घडलेली होती. इगतपुरी, अकोले आणि गुजरातेतील डांग या टापूतली डांगी जात तिच्या कातडीतून पाझरणाऱ्या स्निग्ध द्रवासाठी प्रसिद्ध आहे. त्या ओशटपणामुळे मुसळधार पावसातही पाणी अंगात मुरत नाही, आणि तिचे काळे, कठीण खूर भाताच्या चिखलात सहसा हार जात नाहीत. परंतु उघड्यावर पावसाला तोंड देणारे जनावरही रात्रभर ओल्यात बसले तर दुखणाईत होते, म्हणून गोठ्याची जमीन अंगणाहून हातभर उंच उचललेली, दगड-मुरमाने चोपलेली आणि मागच्या नालीकडे किंचित उतरती असे. गव्हाणीच्या वर माळा, माळ्यावर भाताचा पेंढा. त्यामुळे चारा कोरडा राही, खाली ऊब टिके, आणि माळ्यावरून गव्हाणीत पेंढी टाकण्यासाठी भर पावसात बाहेर पडावे लागत नसे. घर आणि गोठा एकाच छपराखाली असल्याने चुलीचा धूर सगळीकडे कोंदे. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे समर्थन करता येणार नाही, आणि त्या धुरात बायकांचे डोळे किती गेले असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. परंतु त्याच धुराने वासे किडीपासून वाचत आणि गुरांवरचे डास-गोमाशा हटत, हेही नमूद केले पाहिजे. मृगाच्या आधी शाकारणी होई. उतरविलेले जुने, कुजके गवत वाया जात नसे. शेण, पालापाचोळा आणि गवत यांचे थर भाताच्या रोपवाटिकेवर पसरून राब भाजण्याची डांगातली जी रीत आहे, तीत त्याची भर पडे. म्हणजे एका वर्षी जे छप्पर होते, ते पुढील वर्षी भाताच्या रोपाचे खत होई.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, चांदवड-येवल्याच्या बाजूला, प्रश्नच पालटतो. तेथे गवत दुर्मिळ, लाकूड त्याहून दुर्मिळ, पाऊस बेभरवशाचा, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणारा. तेथल्या मनुष्याच्या हाताशी विपुल असे एकच साहित्य होते, ते म्हणजे माती. म्हणून त्याने धाब्याचे घर आणि धाब्याचाच गोठा पसंत केला. तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलच, त्यावर निंबाच्या किंवा तरवडाच्या डहाळ्या आणि पाला, आणि त्यावर हातभर जाडीचा मातीचा थर. सर्वांत वर पाणी सहजासहजी न पिणारी पांढरी माती, आणि ज्या बाजूला किंचित उतार दिला असेल तिकडे भिंतीबाहेर काढलेले पन्हळ. अशा माळवदाखाली वैशाखातल्या दुपारीही बैल स्वस्थ रवंथ करतो, कारण तेवढ्या जाडीच्या मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते आणि वरचा थर पुन्हा निवू लागतो. येथेही दरवर्षी मृगापूर्वी वरच्या थरावर नवी पांढरी माती पसरून ती चोपावी लागे. येथेही वर्षाचे कर्तव्य चुकले तर छप्पर गळे. मात्र गवताच्या छपराची चूक पाण्याने भरून निघे, माळवदाची चूक जिवावर बेते. तीन-चार दिवसांची झड लागून मातीने पाणी प्याले की तिचे वजन बरेच वाढे आणि वाळवीने पोखरलेली तुळई त्याच मुहूर्तावर दगा देई. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि अशी अवजड छपरे अंगावर येऊन गेली. ऊन अडविण्यासाठी जे ओझे डोक्यावर चढविले होते, त्याने भूमी हलल्याबरोबर दावा साधला.

देशावरच्या काळ्या जमिनीचीही एक खोड आहे: पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकावा अशा भेगा पडतात. तिच्यावर उभारलेली भिंत दोन वर्षांत तडकते. म्हणून जाणता मनुष्य पाया मुरमापर्यंत नेई आणि खांब जमिनीत न रोवता काळ्या दगडाच्या तळखड्यावर उभा करी, म्हणजे ओल आणि वाळवी या दोहोंपासून त्याचे बूड सुटे. डांगात रोवलेली मेढ आणि देशावर दगडावर ठेवलेला खांब यांतील भेद मला छपरांच्या भेदाइतकाच मोलाचा वाटतो. एकीकडे वाऱ्याने गोठा उचलून नेऊ नये ही चिंता, दुसरीकडे जमिनीने त्याला खालून खाऊ नये ही.

धान्याच्या बाबतीत तर जमीनच कोठार झाली. पेव खणावयाचे ते उंचवट्यावर, घट्ट मुरमात, जेथे पाण्याचा झरा जवळपास नाही अशा जागी. तोंड मनुष्य उतरेल एवढेच, आत पोट मोठे. बाजू भाजून, लिंपून, कडबा आणि भूस यांचे अस्तर देऊन त्यात जोंधळा भरीत आणि तोंड दगड व चिखल यांनी बंद करीत. आत कोंडलेली हवा धान्याच्या आणि किडीच्या श्वसनानेच निष्प्राण होते आणि कीड आपोआप मरते. ही क्रिया रसायनशास्त्राने पुढे समजावून दिली, परंतु पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, आधी दिवा सोडून पाहावा आणि तो विझला तर थांबावे, हा दंडक त्यापूर्वीचा आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची अशी पेवे नावाजलेली होती. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले आणि त्यांतली पुष्कळशी निकामी झाली. कोरड्या हवेची ही युक्ती पाण्यापुढे पांगळी पडते, आणि म्हणूनच नाशिकच्या पश्चिमेस जाऊ लागलो की पेव नाहीसे होऊन त्याच्या जागी घरातील माळ्यावर बांबूची शेणाने लिंपलेली कणगी येते.

अंबडच्या पट्ट्यात या दोन टोकांच्या मधला मार्ग निघाला, तो कौलांचा. कुंभाराच्या चाकावर निघालेल्या नळीचे उभे दोन भाग करून भाजलेली कौले एकाआड एक उताणी-पालथी मांडली, म्हणजे साधारण ३० अंशांच्या उतारावर मध्यम पाऊस निभतो, गवताप्रमाणे आगीची धास्ती राहत नाही, आणि माळवदाप्रमाणे ओझेही होत नाही. त्यांचे वैगुण्य हे की ती नुसती ठेवलेली असतात. मांजर धावले, वानराने उडी घेतली, वावटळ आली, की ती सरकतात. आणि म्हणून ज्येष्ठ लागण्यापूर्वी कौले चाळण्याचे काम निघे. जुनी उतरवावयाची, फुटकी वेगळी काढावयाची, खालचा पाला-माती झाडावयाची आणि पुन्हा मांडावयाची. या तिन्ही छपरांचा, गवताच्या, मातीच्या आणि कौलांच्या, समान धर्म जर काही असेल तर तो हा की त्यांची मरामत ही संकटकाळची गोष्ट नव्हती, पेरणी-कापणीसारखे ते वर्षाचे ठरलेले काम होते.

या कामामागे गावगाड्याचा बंदोबस्त होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले, तिच्यात सुतार आणि कुंभार यांना खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. नवे घर किंवा गोठा बांधावयाचा तर मजुरी निराळी ठरे. परंतु औताच्या दुरुस्तीला आलेला सुतार कलंडलेली मेढ पाहून जाई, आणि पुढच्या सुगीला त्याच खळ्यावर यावयाचे असल्याने ती न पाहिल्यासारखे करणे त्याला परवडण्याजोगे नव्हते. बलुत्याच्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, विशेषतः ज्यांना सर्वांत घाण काम आणि सर्वांत हलका वाटा मिळे त्यांच्यावर. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ज्याने बांधले तोच दरवर्षी परत येणार, ही खात्री त्या बांधणीचा एक अदृश्य खांब होती. या परिसरातील कारागिरांच्या टिकाऊपणावरचा विश्वास मात्र फार जुना आहे. अंबडहून नजरेच्या टप्प्यात असलेल्या पांडवलेण्यांत, नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवून त्यांच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची सोय लावल्याचा शिलालेख आहे. आणि आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखात तेल्यांच्या व पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणींकडेही भिक्षूंच्या औषधासाठी अशाच ठेवी ठेवलेल्या दिसतात. चातुर्मासात आसरा देणारी आणि शाकारणीची गरज नसलेली इमारत या मुलखात एकच, ती म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेले लेणे. आणि ते कुणब्याच्या कुवतीबाहेरचे होते.

पावसाच्या खालोखाल भय आगीचे. कडब्याची गंज गावाबाहेर, खळ्याच्या कडेला रचण्याची रीत त्यातून आली. आणि ती रचण्याची तऱ्हाही पावसाचा विचार करूनच ठरलेली होती. खाली दगड किंवा काटक्यांचा थर, पेंढ्यांची बुडे बाहेर आणि शेंडे आत, मध्यभाग कडांहून उंच, आणि माथ्यावर सरमाडाचे किंवा गवताचे उतरते आच्छादन, म्हणजे पाणी बाहेरच्या बुडांवरून ओघळून जाई. दोन गंजींच्या मध्ये अंतर सोडीत. राज्यकर्त्यांनाही हीच विवंचना होती. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणकडे पावसाळी छावणीस असलेल्या पागेच्या अंमलदारांना पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे ते रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये या ताकिदीमुळे. परंतु त्या पत्राचा मोठा भाग खरोखर दाणा-वैरणीच्या बेगमीसंबंधी आहे. पावसाळा पुरेल अशा हिशेबाने वैरण खर्च करावी, गवताजवळ आगट्या करू नयेत, चिलीम ओढणाराने निष्काळजीपणा करू नये, आणि रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी पागा भस्मसात होईल, इथपर्यंत त्यात बारकावा आहे. आगटीपासून उंदरापर्यंतचा विचार करणाऱ्या त्या मजकुरात मला एखाद्या मोठ्या गोठ्याच्या घरधन्याची नजर दिसते.

या साऱ्या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो रुळांवरून. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी इगतपुरीपर्यंत चढली. त्याच वर्षी बाझल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट याने मंगळूर येथे यंत्राने कौले करण्याचा कारखाना काढला. हा निव्वळ योगायोग. परंतु पुढील काही दशकांत ती सपाट, खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौले मुंबईमार्गे देशावर आली आणि गावोगावच्या कुंभाराची नळीची कौले मागे पडू लागली. मंगलोरी कौल वानराच्या उडीने सहजी सरकत नाही, त्याला वर्षाकाठी चाळावे लागत नाही, आणि म्हणून त्याला कुंभारही लागत नाही. त्यापाठोपाठ १८७८ च्या वनकायद्याने डांगातील जंगलांची आखणी झाली. वासा, बांबू आणि कारवी यांसाठी जेथे केवळ कोयता लागत असे, तेथे परवाना लागू लागला. आणि मग आला पत्रा. लंडनच्या गोदीचा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ मध्ये लोखंडी पत्र्याला नागमोडी वळ्या देण्याचे एकस्व घेतले होते. जस्ताचा मुलामा मिळाल्यावर तो पत्रा साऱ्या जगभर गोदामांवर, छावण्यांवर आणि खाणकामगारांच्या झोपड्यांवर चढला, तो आपल्याकडील गोठ्यावर चढावयाचा राहिला असता तरच नवल.

पत्र्याचा द्वेष करणे सोपे आहे, आणि शहरात राहून गवताच्या छपराचे काव्य करणे त्याहून सोपे. ज्या बाईने प्रत्येक उन्हाळ्यात शाकारणीसाठी गवताचे भारे वाहिले आहेत तिला पत्र्याने सुटका दिली, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु पत्र्याबरोबर हवामानाशी असलेला करारच बदलला. तो दहा-पंधरा अंशांच्या उतारावर भागतो, म्हणून छप्पर सपाट झाले. सपाट आणि हलके झाले, म्हणून वाऱ्याला ते खालून उचलण्याची संधी मिळाली. गवताच्या आणि कौलांच्या छपरांना वाऱ्याची भीती होती ती विस्कटण्याची; पत्र्याचे छप्पर अखंड उडते आणि ज्याच्या शेतात पडते त्याचेही नुकसान करते. उन्हाळ्यात पत्र्याखालचा गोठा दुपारी तापतो, दुभत्या गाई धापा टाकतात आणि दूध घटते. मग त्यावर उसाचे पाचट टाकण्याची वेळ येते, म्हणजे जे गवत काढून पत्रा घातला ते पुन्हा पत्र्यावर चढते. कालव्यांमुळे निफाडकडे विसाव्या शतकात बागायत वाढली, आणि पाचट हे त्या भागातील सर्वांत स्वस्त आच्छादन झाले; उकाडा रोखण्यात ते आजही पत्र्याहून सरस आहे.

या जुन्या विद्येला अनपेक्षित वारस मिळाला तो कांद्याच्या निमित्ताने. कांदा या जिल्ह्याला नवा नाही; निफाडच्या संशोधन केंद्रावर निवड पद्धतीने तयार झालेला एन-२-४-१ हा उन्हाळी वाण आणि १९४७ पासूनची लासलगावची बाजार समिती यांनी मात्र त्याला जिल्ह्याचे अर्थकारण करून सोडले. खरिपाचा पोळ आणि त्यामागचा रांगडा कांदा टिकत नाहीत, ते निघाले की विकावे लागतात. उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि योग्य रीतीने ठेवला तर दिवाळीच्या सुमारापर्यंत टिकतो. या चार-सहा महिन्यांतच सारा पावसाळा येतो, ही त्यातली मेख. कांदा धान्याप्रमाणे निजत नाही. तो जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो, आणि हवा न मिळाली तर काजळी धरून सडतो, फार ओल मिळाली तर कोंब काढतो. पेवात तो दोन आठवडे तग धरणार नाही. धान्याचे कोठार हवा कोंडून राखावयाचे, कांद्याचे कोठार हवा खेळती ठेवून. आणि हवा आत घेणारी भिंत पाऊस मात्र बाहेर ठेवणारी हवी. यातला पाऊस बाहेर ठेवण्याचा पेच डांगातल्या खाली ओढलेल्या वळचणीने पूर्वीच सोडविला होता.

कांदाचाळ म्हणजे एका अर्थाने भिंती नसलेली इमारत. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटी ठेवून बांबूंचा किंवा फळ्यांचा केलेला, म्हणजे हवा खालून वर शिरेल. बाजूंना बांबू, तुराट्या किंवा लाकडी पट्ट्या, त्याही अंतर सोडून. पाख्याची, म्हणजे येथे कांदा भरावयाच्या एका रांगेची, आतील रुंदी चार फुटांच्या आसपास, कारण त्याहून रुंद थप्पीच्या मध्यापर्यंत वारा पोहोचत नाही. कांद्याची उंची पाच फुटांपेक्षा जास्त नाही, कारण खालचा थर वरच्याच्या भाराने दबतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या अरुंद अंगातून आरपार जाईल. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी, म्हणजे तोच वारा दोन पाख्यांमधल्या बोळातून लांबीभर वाहील. छप्पर बाजूंच्या बाहेर तीन फूट काढावे. पत्रा तापतो म्हणून कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे. ही मापे आज कृषिखात्याच्या पत्रकांत आहेत, आणि १९७७ मध्ये स्थापन होऊन नाशिकला केंद्र असलेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानने ती प्रयोगांनी पारखली. परंतु त्यांतील प्रत्येक मापामागे ज्या चुका आणि सड आहे, ती शेतकऱ्यांच्याच चाळींत घडली होती. उसाच्या पाचटाचे छप्पर, कपाशीच्या पळाट्यांच्या बाजू आणि बाभळीच्या मेढी यांवर उभ्या असलेल्या जुन्या चाळी पाहिल्या तर ओळख पटण्यास वेळ लागत नाही. पुढे राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून २५ आणि ५० टनांच्या चाळींना अनुदान मिळू लागले आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली. लासलगावला २००२ मध्ये कांद्यावर किरणांचा मारा करून कोंब रोखण्याचे केंद्रही भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले; पण सामान्य शेतकऱ्याचा भरवसा अजून चाळीतून वाहणाऱ्या वाऱ्यावरच आहे.

अंबडला मात्र आता चाळ बांधण्याइतकी शेती उरलेली नाही. १९७० नंतरच्या दशकांत औद्योगिक वसाहत आणि शेजारचे सिडकोचे नवे नाशिक यांनी ही जमीन व्यापली. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि गाव शहरात गेले. जेथे गंजी रचल्या जात तेथे आता लोखंडी कैच्यांवर पत्र्याची प्रचंड छपरे आहेत, आणि ती छपरे उडू नयेत म्हणून अभियंता भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नाशिकपुढे लिहिलेला वाऱ्याचा मूलभूत वेग, सेकंदाला ३९ मीटर, हिशेबात धरतो. हा आकडा सुमारे पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्याचा आहे. जुना सुतार एका वर्षाचा विचार करी. त्याच्यापुढे पन्नास वर्षांचा प्रश्न ठेवला असता तर तो हसला असता. दोघांचेही तर्कशास्त्र आपापल्या जागी निर्दोष आहे, अडचण येते ती जेथे एकाचे साहित्य आणि दुसऱ्याची सवय यांची गाठ पडते: आकडे-बोल्ट पुरेसे न मारलेले पत्रे, त्यांच्यावर ठेवलेले दगड आणि वाळूच्या गोण्या, आणि दर मे महिन्यात वळवाबरोबर उडणारी छपरे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर जी गारपीट झाली, तीत नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांबरोबर शेतात उभा असलेला कांदाही झोडपला गेला. मार खाल्लेला कांदा चाळीत भरला तर तो आपल्या शेजाऱ्यालाही सडवितो, आणि तेथे रचना कितीही शास्त्रशुद्ध असली तरी उपाय चालत नाही.

चालतो तो एवढाच की भरण्यापूर्वी कांदा निवडावा, आणि भरल्यावर चाळीकडे पाठ फिरवू नये. निफाड-चांदवडकडे आज चाळीच्या पश्चिम अंगाला गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा कागद टांगलेला असतो. झड लागली की तो सोडावयाचा, उघाड पडली की लगेच गुंडाळावयाचा, कारण तो दोन दिवस तसाच राहिला तर आत वाफ धरते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हे काम घरातल्या कोणाला तरी, बहुधा बायकांना, दिवसातून कितीदा तरी करावे लागते. अनुदान मिळते ते बांधकामाला.